बाथरूममधली बुरशी घासूनही परत येते? डाग सोडा, पाणी शोधा

पावसाळा सुरू झाला की ठाणे-डोंबिवलीपासून रत्नागिरी-सावंतवाडीपर्यंत तक्रार एकच. बाथरूमच्या छताला काळे ठिपके, टाइल्सच्या सांध्यांत काळी रेघ, दार उघडलं की कुबट वास. घासलं की जातं, पंधरा दिवसांत पुन्हा हजर. मग कुणी फिनेल सुचवतं, कुणी ‘अँटिफंगल’ रंगाचा डबा. रंग मारला की गणपतीपर्यंत भिंत छान दिसते आणि दिवाळीच्या आत पोपडे सुटतात.

गळती आणि ओलाव्याची कामं बघणं हा माझा धंदा आहे. बहुतेक घरांत चूक एकच होते: डागावर इलाज चालू असतो आणि पाणी तसंच येत राहतं. बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडे असतात, ते थांबवता येत नाहीत. तिचं खाणं म्हणजे साबणाचा थर, अंगाचा मळ, केसांचं तेल, रंगातला नि पुट्टीतला सेंद्रिय भाग. तेही बाथरूममधून पूर्ण हटवणं शक्य नाही. आपल्या हातात फक्त ओल उरते. भिजलेली जागा २४ ते ४८ तासांत खडखडीत वाळली तर बुरशीला जम बसवता येत नाही. म्हणून पहिला प्रश्न ‘काय लावू?’ हा नाही, ‘हे पाणी कुठलं?’ हा आहे.

आधी खात्री करा, ती बुरशीच आहे ना

भिंतीवर पांढरी, कापसासारखी फुगलेली भुकटी दिसली तर बहुधा तो खार असतो. चिमटीत घेऊन चुरा, कण करकरीत लागतात. पाणी मारलं तर विरघळतो. खाराने कुणाला खोकला होत नाही, पण भिंतीच्या पोटातून पाणी फिरतंय याची ती पक्की खूण आहे, त्यामुळे इमारतीच्या दृष्टीने तो काळ्या ठिपक्यांपेक्षा वाईट.

बादलीच्या तळाला, शॉवरच्या पडद्याला किंवा जाळीभोवती गुलाबी-नारिंगी बुळबुळीत थर येतो, तो जिवाणूंचा. बऱ्याचदा सेराशिया मार्सेसेन्स. साबणाच्या आणि शाम्पूच्या उरलेल्या थरावर तो पोसतो. धडधाकट माणसाला त्याचा सहसा त्रास नाही, पण घरात कुणाला लघवीची नळी लावलेली असेल, उघडी जखम असेल किंवा कुणी काँटॅक्ट लेन्स वापरत असेल, तर तो रोजच्या रोज घासून काढा. नळाभोवतीचे पांढरे कडक पापुद्रे बोअरवेलच्या किंवा टँकरच्या पाण्यातले क्षार. काळा डाग मळ आहे की बुरशी कळत नसेल, तर पातळ केलेल्या ब्लीचचा एक थेंब टाका. बुरशी मिनिटा-दोन मिनिटांत फिकी पडते, मळ तसाच राहतो.

डाग कुठे आहे ते बघा

छतभर मोहरीएवढे ठिपके विखुरलेत आणि बाहेरच्या भिंतीच्या कोपऱ्यात ते जास्त दाट आहेत, तर ती गळती नाही, वाफ आहे. गरम पाण्याची वाफ वर जाते, गार पृष्ठभागाला लागून पाणी होते. पुण्या-नाशकात हे थंडीतही होतं, कोकणात पावसाळाभर.

एकाच जागी नकाशासारखा डाग आणि त्याला पिवळट-तपकिरी कड असेल, तर पाणी वरून येतंय. इथे आपल्या इमारतींची रचना कळायला हवी. बऱ्याच इमारतींत बाथरूमचा स्लॅब आजूबाजूच्या स्लॅबपेक्षा फूटभर खाली टाकलेला असतो, कारण पाइप आणि नहाणी ट्रॅप त्यात बसवायचे असतात. उरलेला खड्डा विटांच्या रोड्याने आणि सिमेंटने भरतात, त्याला कोबा म्हणतात. वरच्या टाइल्सचे सांधे उघडले, ट्रॅपच्या कडेला चीर गेली किंवा जुना जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप कुजला, की पाणी त्या कोब्यात मुरतं आणि कोबा ते स्पंजासारखं धरून ठेवतो. वरच्यांनी चार दिवस आंघोळी बंद केल्या तरी खालचं छत ठिबकत राहू शकतं. ‘बघा, आम्ही गावाला गेलो होतो तेव्हाही गळत होतं, म्हणजे आमचं नाही’ हा युक्तिवाद म्हणूनच टिकत नाही. वरचं घर तीन-चार आठवडे बंद असतानाही ओल मुळीच हटत नसेल, तर दाबाचं पाणी असलेला पाइप तपासा. स्वतःच्या पाइपवर संशय असेल तर रात्री सगळे नळ बंद करा, मीटरचा आकडा लिहून ठेवा, सकाळी पुन्हा बघा. आकडा हलला असेल तर पाणी कुठेतरी जातंय. (घराला स्वतंत्र मीटर नसेल तर ही युक्ती चालत नाही. मुंबईत बहुतेक सोसायट्यांना एकच मीटर असतो.)

तिसरी जागा मला सगळ्यात जास्त खटकते: बाथरूमला लागून असलेली बेडरूमची भिंत. बाथरूममध्ये काहीच दिसत नाही, कारण तिकडे टाइल्स आहेत. पलीकडे मात्र स्कर्टिंगच्या वर फूट-दोन फूट रंग फुगलेला असतो, आणि नेमकं त्याच भिंतीला कपाट लावलेलं असतं. कपाट हातभर पुढे ओढा आणि मागे टॉर्च मारा. मागच्या प्लायवर हिरवट-काळी साय, तळच्या साड्यांना वास, भिंतीला हात लावला की गार लागते. घरातली माणसं आंघोळीला पंधरा मिनिटं बाथरूममध्ये असतात आणि त्या कपाटाशेजारी रात्रभर झोपतात. तब्येतीचा विचार करायचा तर मी बाथरूमच्या आधी हे कपाट बघेन.

फक्त पाऊस पडला की ओल येते आणि उन्हाळ्यात नावालाही नसते, असं असेल तर बाहेरची भिंत, खिडकीच्या चौकटीची कड किंवा डक्टमधला पाइप हे संशयित.

वाफ की गळती हे ठरत नसेल तर प्लास्टिकची चाचणी करा. फूटभर चौरस पारदर्शक प्लास्टिक डागाजवळच्या भिंतीवर चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा, एक-दोन दिवस ठेवा. थेंब खोलीच्या बाजूला जमले तर दमटपणा हवेतला. भिंतीच्या बाजूला, म्हणजे प्लास्टिकच्या आतून जमले तर पाणी भिंतीतलं. पहिल्या प्रकारात हवा खेळवायची, दुसऱ्यात गवंडी-प्लंबर. हे न बघता वॉटरप्रूफिंगचा ठेका दिला तर टाइल्स फुटतात, पैसे जातात आणि ठिपके राहतात.

वाफेची बुरशी: पंखा आहे, तरी का?

सात बाय पाच फुटांचं, नऊ फूट उंच बाथरूम म्हणजे ३१५ घनफूट हवा. तासाला आठ वेळा ती बदलायची तर मिनिटाला ४२ घनफूट हवा खेचणारा पंखा पुरे. बाजारातला साधा सहा इंची एक्झॉस्ट त्याहून जास्त खेचतो. मोठा पंखा घ्या, असा सल्ला मी म्हणूनच फारसा देत नाही. अडचण पंखा बसवला कसा, यात असते.

आपल्याकडे लूव्हरच्या खिडकीच्या वरच्या दोन काचा काढून तिथे पंखा बसवतात आणि खालच्या काचा ‘हवा येऊ दे’ म्हणून उघड्या ठेवतात. पंखा मग खालच्या फटीतून बाहेरची हवा आत ओढतो आणि तीच परत बाहेर टाकतो. शॉवरवरच्या कोपऱ्यातली वाफ जागची हलत नाही. पंखा चालू असताना खालच्या काचा मिटा आणि दाराखाली पाऊण ते एक इंच फट ठेवा, म्हणजे हवा दारातून शिरून सगळं बाथरूम ओलांडून जाईल. टिश्यू पेपरची पट्टी दाराच्या फटीशी धरा. ती आत वळली तर काम नीट चाललंय. पंखा पुसून किती दिवस झाले तेही बघा. पात्यांवर धूळ आणि ओलाव्याचा चिकट थर बसला की खेच बरीच कमी होते. बाहेरच्या झडपेवर कबुतराने काड्या रचलेल्या असतात, हेही नेहमीचं. दादरच्या कबुतरखान्याचा वाद २०२५ मध्ये थेट उच्च न्यायालयात रंगला. डक्टमधल्या कबुतरांकडे मात्र कुणी बघत नाही. त्यांच्या विष्ठेची धूळही फुप्फुसाला बाधते, म्हणून घरटं काढताना मास्क लावा आणि विष्ठा आधी ओली करा.

गॅस गिझर बाथरूमच्या आत असेल तर बुरशी-बिरशी बाजूला ठेवा, आधी तो बाहेर हलवा. बंद बाथरूममध्ये त्यातून कार्बन मोनॉक्साइड साचतो, त्याला वास नसतो आणि माणूस आंघोळ करता करता बेशुद्ध पडतो.

आता एक गोष्ट, जी पंखा विकणारे सांगत नाहीत. जुलै-ऑगस्टमध्ये मुंबई-कोकणात बाहेरच्या हवेतच आर्द्रता ८५ टक्क्यांच्या आसपास किंवा वर असते. पंखा वाफ बाहेर काढेल, पण बाथरूम बाहेरच्या हवेपेक्षा कोरडं करू शकणार नाही. त्या दोन-तीन महिन्यांत पाणी हातानेच काढावं लागतं. शेवटची आंघोळ झाली की वायपर भिंतींवरून वरून खाली ओढा, मग फरशी, मग कोपरे आणि शेल्फ फडक्याने कोरडे, आणि त्यानंतर अर्धा तास पंखा. दोन मिनिटांचं काम आहे, आणि वाफेच्या बुरशीवर याच्याइतका उपयोगी दुसरा उपाय मला माहीत नाही. मशीनमधून पिळून काढलेल्या एका भरभक्कम धुण्यातही लिटर-दोन लिटर पाणी असतं, ते वाळताना सगळं हवेत जातं. पावसात कपडे बाथरूममध्ये टांगायची सवय मोडणं घराघरांत अवघड आहे, ठाऊक आहे. निदान दार लावून, पंखा चालू ठेवून टांगा.

साफ करताना

हातमोजे, एन-९५ मास्क, डोळ्यांना चष्मा. दमेकऱ्यांनी आणि लहान मुलांनी त्या वेळी घरातल्या दुसऱ्या टोकाला जावं. कोरड्या ब्रशने कधीच घासू नका, बीजाणू हवेत उडतात. आधी ओलं करा. साबणाच्या पाण्याने घासून धुऊन घ्या, कारण साबणाचा थर राहिला तर वरचं औषध खालपर्यंत पोचत नाही. मग टाइल्सवर ब्लीच: चार लिटर पाण्यात एक कपापेक्षा जास्त नको. दहा मिनिटं ठेवा, धुवा, पुसा. मेलेली बुरशीही ॲलर्जी देते, त्यामुळे नुसती मारून उपयोग नाही, ती पुसून काढायची.

ब्लीच आणि टॉयलेट क्लीनर एकत्र करू नका. आपल्याकडच्या बहुतेक टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक ॲसिड असतं आणि ते ब्लीचला मिळालं की क्लोरीन वायू सुटतो. व्हिनेगरनेही तेच होतं, अमोनिया असलेल्या काचेच्या क्लीनरनेही विषारी वायू बनतो. ब्लीचिंग पावडरला हाच नियम. कामवाल्या मावशींना हे आपण स्वतः सांगायचं. ‘दोन्ही टाकलं की चकाचक निघतं’ असं समजून चार बाय चारच्या संडासात दोन्ही ओतणाऱ्या बायका आहेत, आणि त्यांना ते कुणी सांगितलेलंच नसतं. वास नाकात भिनला तर बादली तिथेच सोडून बाहेर या.

व्हिनेगर टाइल्सवर चालतं, पण मार्बल आणि कडप्प्याला ॲसिड खातं. कडप्पा चुनखडीचाच दगड, त्यावर पांढरे चट्टे पडले की जात नाहीत.

बेसिनच्या किंवा कमोडच्या कडेचं सिलिकॉन काळं पडलं असेल तर घासण्यात वेळ घालवू नका. नीट बघा, बऱ्याचदा काळेपणा वरून नसतो, पारदर्शक पट्टीच्या आतून, चिकटलेल्या बाजूने असतो. पाणी पट्टीच्या मागे शिरलेलं असतं. कटरने दोन्ही कडा कापा, पट्टी ओढून काढा, सांधा धुऊन एक दिवस पूर्ण वाळू द्या आणि मग सॅनिटरी सिलिकॉन भरा. त्यात बुरशीरोधक असतं. ओल्या सांध्यावर भरलं तर महिन्यात तेच.

टाइल्सच्या सांध्यांतलं पांढरं सिमेंट भुसभुशीत झालं असेल तर खरवडून इपॉक्सी ग्राउट. महाग पडतं, पण पाणी पीत नाही. कोब्यात आधीच पाणी मुरलेलं असेल तर मात्र वरून इपॉक्सी भरून ते आतच कोंडलं जातं, म्हणून कोबा वाळल्याशिवाय घाई नको. जिप्समचं फॉल्स सीलिंग भिजून काळं झालं असेल तर तेवढा तुकडा कापून फेका, वाचत नाही. भिंतीचा रंग प्लास्टरपर्यंत खरवडा आणि प्लास्टिकची चाचणी कोरडी आल्यावरच प्रायमर लावा. हे काम ऑक्टोबरच्या उन्हानंतरचं. श्रावणात रंगारी बोलावणं म्हणजे पैसे ओल्या भिंतीवर लावणं. बुरशी साधारण दहा चौरस फुटांपेक्षा जास्त पसरली असेल तर स्वतः हात घालू नका.

घरातल्यांना होतं काय

जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातल्या ओलावा आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली. ओलसर घरांत राहणाऱ्यांना खोकला, घरघर, दमा बळावणं, श्वसनमार्गाचे संसर्ग यांचा धोका जास्त, हे त्यात मान्य केलं आहे. हवेत अमुक बीजाणूंपर्यंत ठीक, असा सुरक्षित आकडा मात्र दिलेला नाही. सूचना एवढीच की ओलच होऊ देऊ नका. म्हणून ‘कोणत्या जातीची बुरशी’ हे शोधायला प्रयोगशाळेत नमुने पाठवण्यात पैसे घालवू नका. घरात बशी उघडी ठेवून करायच्या चाचणीत तर काही ना काही उगवतंच. जात कुठलीही निघो, करायचं तेच आहे.

रंगावरून घाबरू नका. २०२१ मध्ये कोविडच्या दुसऱ्या लाटेत म्युकरमायकोसिसने, म्हणजे तेव्हा ‘काळी बुरशी’ म्हणून गाजलेल्या आजाराने, महाराष्ट्राला हादरवलं, आणि तेव्हा कांद्याच्या सालीवरची, फ्रिजच्या रबरावरची काजळी म्हणजे तीच बुरशी, असे फॉरवर्ड फिरले. तसं नाही. त्या आजारात काळी पडते ती रुग्णाची मेलेली ऊती. भिंतीवरचे काळे ठिपके बहुतेक वेळा क्लॅडोस्पोरियम, अल्टरनेरिया, ॲस्परजिलस अशा नेहमीच्या बुरशांचे. अमेरिकेत क्लीव्हलँडला १९९० च्या दशकात तान्ह्या बाळांच्या फुप्फुसातल्या रक्तस्रावाचं खापर घरातल्या काळ्या बुरशीवर फोडलं गेलं होतं. २००० साली तिथल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेनेच तो संबंध सिद्ध होत नाही असं जाहीर केलं. ‘विषारी काळी बुरशी’ ही दहशत अजून फिरते ती तिथूनच आलेली.

गजकर्णाचंही असंच. भिंतीवरची बुरशी अंगावर येऊन गजकर्ण होत नाही; तो माणसाकडून माणसाला, ओल्या टॉवेलमधून आणि कपड्यांतून पसरतो. टॉवेल वेगळे ठेवा आणि औषधाच्या दुकानातून स्टेरॉइडची मिश्र क्रीम आणून लावू नका, त्याने तो चिवट होतो.

खरा त्रास श्वासाचा. सकाळी उठल्या उठल्या शिंकांची सर, नाक बंद, रात्री कोरडा खोकला, मुलाच्या छातीत घरघर. एक साधी खूण सांगतो: सुट्टीत आजोळी गेल्यावर मूल मोकळं होतं का आणि घरी परतल्यावर दोन-तीन दिवसांत पुन्हा सुरू होतं का? तसं असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा, आणि कपाटामागचा फोटोही दाखवा. डॉक्टर घर बघायला येत नाहीत, आणि आपण ‘सर्दी-खोकला’ एवढंच सांगतो.

दमेकऱ्याला तपकिरी, गोळ्यांसारखा घट्ट बेडका पडत असेल, पंप घेऊनही दमा आटोक्यात येत नसेल, तर एबीपीएची शंका घ्यायला हवी. हा ॲस्परजिलसच्या ॲलर्जीचा आजार, आणि एक्स-रेतल्या डागांमुळे आपल्याकडे तो टीबी समजून महिनोन्‌महिने टीबीची औषधं दिल्याची उदाहरणं वैद्यकीय साहित्यात भरपूर आहेत. एकूण आयजीई (ॲलर्जीत वाढणारं प्रतिपिंड) आणि ॲस्परजिलसचं विशिष्ट आयजीई या रक्ततपासण्यांबद्दल छातीच्या डॉक्टरांना विचारा. स्वतःहून बुरशीच्या गोळ्या सुरू करू नका.

विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना वाटेल की आपल्याकडे हवा कोरडी, आपला काय संबंध? संबंध कूलरचा. भारतातल्या आयएलडी, म्हणजे फुप्फुसाच्या ऊतींना सूज येऊन त्या निबर होण्याच्या आजारांच्या, रुग्णनोंदणीचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. १,०८४ रुग्णांपैकी सुमारे ४७ टक्क्यांना हायपरसेन्सिटिव्हिटी न्युमोनायटिस होता, म्हणजे श्वासातून गेलेल्या बुरशी-धुळीवर फुप्फुसाने धरलेली सूज, आणि त्यातल्या जवळपास निम्म्यांच्या घरी एअर कूलर होता. कूलरच्या टाकीतलं शिळं पाणी आणि कुजलेली वाळ्याची ताटी म्हणजे बुरशीची वाफ थेट बिछान्यावर. टाकी दर आठवड्याला रिकामी करून घासा, ताट्या दर उन्हाळ्यात नव्या. चढताना धाप, कोरडा खोकला, वजन उतरणं हे महिनाभर चाललं असेल तर थांबू नका.

वरच्या मजल्याशी बोलताना

भांडण इथेच होतं. ‘काका, तुमच्याकडनं गळतंय’ म्हणून सुरुवात केली की उत्तर ठरलेलं: ‘आमच्याकडे आत्ताच टाइल्स बदलल्यात.’ त्यापेक्षा दोघांनी मिळून चाचणी करा. वरच्या बाथरूमचं नहाणी ट्रॅप चिंधीने घट्ट बुजवून फरशीवर दोन इंच पाणी भरा, ते ४८ तास ठेवा, त्यात नीळ घाला. पातळी उतरली किंवा खाली निळसर थेंब आला तर फरशीचा दोष. रंग कोब्यात गाळला जातो, म्हणून निळा थेंब नाही आला तरी ‘गळत नाही’ असं समजू नका, पातळीवर लक्ष ठेवा.

खर्च कुणाचा? गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची गळती, बाहेरचे सामायिक पाइप आणि सांडपाण्याच्या लाइन ही सोसायटीची जबाबदारी. गच्चीतून गळून सगळ्यात वरच्या मजल्याचं छत खराब झालं तर तेही. फ्लॅटच्या आतली दुरुस्ती ज्याच्या त्याच्या खिशातून. सेक्रेटरींना तोंडी नको, फोटो आणि तारखांसकट लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.

दुरुस्ती झाल्यावर उरलेल्या डागाची कड पेन्सिलने आखून तारीख घाला. ठेकेदाराचा शेवटचा हप्ता पुढच्या जूनपर्यंत रोखायचं कामाआधीच लिहून घ्या, आणि पहिले आठ दिवस मुसळधार पाऊस झाला की रेघ ओलांडली का ते बघून मगच चेक फाडा.